श्रद्धा न दुखावता बुवाबाजी ओळखायला शिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिका नववीला शिकवतात. २०२६ च्या अखेरीस सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण होईल आणि २०२७ मध्ये अमृतस्नानं. साधुसंतांच्या गर्दीत भोंदूही येणार, म्हणून मुलांना आधीच सावध करावं असं त्यांना वाटतं. पण वर्गातल्या बहुतेक घरांत रोजची देवपूजा आहे. कुणाचे वडील पंचवटीत पौरोहित्य करतात, तर कुणाचं रामकुंडाजवळ फुलांचं दुकान आहे. ‘शाळेत देव नाकारायला शिकवतात’ अशी तक्रार न येता हे कसं शिकवायचं, असं त्या विचारतात.

मॅडम, पहिला निर्णय तुम्ही स्वतःशी करा. देव आहे की नाही हा विषय या तासांना फळ्यावर येणार नाही. मुलांनी तो काढला, तर ‘तो मोठा प्रश्न आहे, आपण इथे व्यवहार तपासतोय’ एवढंच म्हणा आणि पुढे चला. फसवणूक श्रद्धेत नसते. कुणीतरी भीती घालतो, भीतीवरचा उपाय तोच विकतो आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो, त्या व्यवहारात ती असते. हा व्यवहार ओळखता यायला मूल नास्तिक असावं लागत नाही. उलट वारकऱ्याच्या घरातलं मूल हे लवकर ओळखतं, कारण दांभिक बुवांवर सगळ्यात कडक कोरडे आपल्या संतांनीच ओढले आहेत.

मुख्याध्यापकांची परवानगी घेताना संविधानाच्या कलम ५१क चा आधार द्या. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, जिज्ञासा आणि सुधारणावाद जोपासणं हे त्यात नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. त्याच कागदावर कलम २५ चं धर्मस्वातंत्र्यही लिहा. दोन्ही एकत्र लिहिली की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

वेळ किती लागेल? ३५ मिनिटांचे सहा तास, आठवड्याला एक. सलग दोन दिवसांत उरकू नका. मुलांना मधल्या दिवसांत घरी, गल्लीत, मोबाइलवर त्याच गोष्टी दिसायला हव्यात.

पहिल्या तासाला बारा चिठ्ठ्या करा. चार वाक्यं मूल्यांची, चार अनुभवाची, चार दाव्याची. ‘पाहुण्याला उपाशी पाठवू नये’ हे मूल्य. ‘आरतीनंतर मला शांत वाटतं’ हा अनुभव, त्याला पुरावा मागायचा नसतो. ‘हा अंगारा लावला की दोन दिवसांत ताप उतरतो’ हा दावा, तो तपासता येतो. मुलांनी पाच-पाच जणांच्या गटात चिठ्ठ्या तीन ढिगांत लावायच्या. वाद एक-दोन चिठ्ठ्यांवरच होतो आणि तोच खरा तास. ‘अमुक पूजेनं बरं वाटतं’ आणि ‘अमुक पूजेनं बरं होतं’ यांतल्या एका शब्दावर वर्ग दहा मिनिटं भांडला, तर तास सार्थकी लागला असं समजा. एक सांगते, रामकुंडात अस्थी विरघळतात हे वाक्य या चिठ्ठ्यांत घालू नका. तपासण्याजोगा दावा म्हणून ते चटकन सुचतं. पण वर्गात एखादं मूल असं असतं की ज्याच्या घरचं कुणीतरी नुकतंच गेलेलं असतं. तिथे तुम्ही दाव्याला हात घालत नाही, दुःखाला घालता.

दुसरा तास नाण्याचा. साठ मुलं उभी करा. प्रत्येकानं वहीत आधी ‘छापा’ किंवा ‘काटा’ लिहायचं, मग तुम्ही नाणं उडवायचं, चुकले ते बसतील. साधारण ३० उरतात, मग १५, मग सात-आठ. पाचव्या फेरीला एखाद-दोन मुलं उभी असतात. सहाव्यालाही कुणी टिकलं तर टाळ्या होऊ द्या. मग विचारा, याच्याकडे सिद्धी आहे का? सगळे ‘नाही’ म्हणतील. आता विचारा, याचा फोटो छापून ‘सलग सहा भाकितं खरी’ असं पत्रक रविवार कारंज्यावर वाटलं, तर बसलेल्या ५९ जणांचं काय? त्यांचं पत्रक कुणी छापत नाही. ‘मुलगाच होईल’ सांगणाऱ्याचं गणित याहून सोपं असतं, निम्मे लोक आपोआप पेढे घेऊन येतात. उरलेल्यांसाठीही जुनी युक्ती आहे. तोंडानं ‘मुलगा’ सांगायचं आणि वहीत ‘मुलगी’ लिहून ठेवायचं. मुलगी झाली आणि जाब विचारायला आले, तर वही दाखवायची.

याच तासाला सर्पदंशाचं गणित घ्या, कारण पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या मुलांना ते जवळचं आहे. आकडे फक्त फळ्यापुरते धरा. भगताकडे वीस जण आले, त्यांतल्या चौदा जणांना धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी साप चावले होते. उरलेल्या सहांपैकी दोघांच्या अंगात सापानं विष सोडलंच नव्हतं. भगतानं काहीही केलं, तरी सोळा वाचणार होते. गावात बोलबाला सोळांचा होतो आणि गेलेल्या चौघांना ‘उशिरा आणलं’ म्हणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर उपाय प्रतिविषाचाच. तिथेच हेही सांगून टाका: चावलेला भाग हलवायचा नाही, चिरा द्यायचा नाही, घट्ट आवळायचं नाही, १०८ ला फोन करायचा. भगताची टिंगल मात्र करू नका. त्या पाड्यावर तो आधारही असतो. ‘आधी दवाखाना, मंत्र नंतर’ एवढं त्याला मान्य करायला लावलं तरी जीव वाचतो.

तिसऱ्या तासाला सगळ्यात जास्त तयारी करा. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकेक कागद दिला आणि तो किती जुळतो याला ० ते ५ गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. कागद सगळ्यांना एकच होता. हे वर्गात करायचं असेल, तर दोन दिवस आधी मुलांकडून जन्मतारीख, जन्मवेळ आणि सही घ्या. प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात हा मजकूर घाला:

‘तुम्ही बाहेरून कडक वाटता, पण आतून हळवे आहात. दुसऱ्यासाठी पुष्कळ करता, पण त्याची जाण फार थोडे ठेवतात. काही निर्णयांचा अजून पश्चात्ताप होतो. मनातलं सगळं कुणालाच सांगत नाही. तुमच्यात असलेली क्षमता अजून पुरती वापरली गेलेली नाही. गेल्या एक-दोन वर्षांत घरात अशी एक गोष्ट घडली, की जिचा तुमच्यावर परिणाम झाला.’

मुलांना अंतर ठेवून बसवा, नाहीतर शेजारचा कागद दिसून सगळं फुकट जातं. गुण चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घ्या, सरासरी फळ्यावर काढा आणि मगच म्हणा, ‘आता शेजाऱ्याशी कागद बदला.’ काही क्षण वर्ग गप्प होतो. या क्षणी ‘बघा, कसे फसलात’ असं म्हणू नका. तसं म्हटलं की मूल लाजतं, आणि लाजलेलं मूल पुढे खरोखर फसलं तर सांगायला येत नाही. त्याऐवजी वाक्यं एकेक घ्या आणि विचारा, हे कुणाला लागू पडणार नाही? दोष वाचणाऱ्याचा नाही, मजकूरच सगळ्यांना बसेल असा बेतलेला आहे. आणि त्याच तासात सगळं उलगडून सांगा, उद्यावर ठेवू नका. कुणीतरी घरी जाऊन ‘मॅडमनी पत्रिका बघितली’ असं सांगितलं, तर निस्तरायला आठवडा जाईल.

उरलेल्या दहा मिनिटांत हा संवाद दोन मुलांकडून वाचून घ्या.

‘ताई, घरातल्या एका माणसाची काळजी लागलीय.’
‘हो महाराज, मुलाची.’
‘त्याचं मन लागत नाही.’
‘अभ्यासात लागतच नाही हो, दहावीला आहे.’
‘दोनेक वर्षांपूर्वी घरात काहीतरी घडलंय.’
‘सासरे गेले.’
‘तिथंच अडकलंय सगळं.’

आता खडूनं अधोरेखित करायचं: प्रत्येक माहिती पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आली? मुलगा, दहावी, सासरे, तिन्ही ताईंनीच सांगितलं. महाराजांनी एकही नवी गोष्ट सांगितलेली नाही. पण ताई घरी जाऊन मनापासून सांगतात, ‘मी काही न बोलता त्यांनी सासऱ्यांचं ओळखलं.’ त्या खोटं बोलत नाहीत, आठवण अशीच जमते. हा संवाद ज्या मुलानं एकदा अधोरेखित केला, ते पुढे कुठल्याही दरबारात बसलं तरी कान तिकडेच लावतं.

चौथा तास चमत्कारांचा. बहुतेक शिक्षक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात. माझ्या मते ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे. मुलं टाळ्या वाजवतात, ‘आपल्याला कळलं’ या खुशीत घरी जातात आणि हातचलाखी न करणाऱ्या बुवाकडे सहज ओढली जातात. आजचा भोंदू लिंबातून रक्त क्वचित काढतो, तो तुमचं ऐकून घेतो. म्हणून एकच तास द्या आणि बिनधोक प्रयोगच करा.

पांढऱ्या कापडावर हळदीचं पाणी फासून अर्धा तास वाळवा. कपभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा चुना ढवळून निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणीच घ्या आणि ब्रशनं पावलाचा आकार काढा. लाल पाऊल उमटतं. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं होतं. चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. लिंबातलं ‘रक्त’ दाखवायचं तर जास्वंदीच्या पाच-सहा लाल पाकळ्या दोन चमचे गरम पाण्यात कुस्करा आणि तो रस सुरीच्या पात्याला तीन-चार वेळा लावून दर वेळी वाळवा. एकाच थरावर नुसती गुलाबी झाक येते आणि मागच्या बाकांना काही दिसत नाही. हातातून विभूती काढायची, तर चाळलेली राख भाताच्या पेजेत मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वाळवा. गोळी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरली की उघडा पंजा रिकामा दिसतो, मग ती बोटांनी चुरडायची. पेज जास्त झाली तर गोळी चुरडत नाही, बेताची घाला. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्याले, तेही इथेच घ्या, पण मूर्ती वापरू नका. ओल्या वरवंट्याला काठोकाठ भरलेला चमचा टेकवा. पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ पापुद्रा होऊन खाली ओघळतं. दुधात थोडं कुंकू घातलं की ओघळ लांबूनही दिसतो.

मंत्रानं होम पेटवणं, जिभेवर कापूर, निखाऱ्यावर चालणं हे वर्गात नको. मुलं घरी करून बघतात. तोंडी सांगा: होमात आधीच एक रसायन असतं आणि ‘तूप’ म्हणून दुसरं ओततात. ज्वाळा उठायला काही सेकंद लागतात, मंत्र तेवढ्याच वेळेपुरता असतो.

पाचवा तास सगळ्यात महत्त्वाचा. फळ्यावर जिना काढा. पहिली पायरी फुकटची: भेट, प्रसाद, आस्थेनं विचारपूस. मग छोटा उपाय, पण अटी भरपूर. अकरा गुरुवार, कांदा-लसूण नाही, जाता-येता बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. या अटी कशासाठी, हे मुलांना शोधू द्या. एखादी तरी अट मोडतेच, आणि गुण आला नाही की दोष भक्ताच्या पदरात पडतो. तिसऱ्या पायरीला दोष वाढतो: आधी नुसती दृष्ट होती, आता पितृदोष, मग करणी, आणि आकडा ५०१ वरून ५,१०० वर, तिथून २१,००० वर जातो. चौथी, ‘कुणाला सांगू नका, गुण जाईल.’ पाचवी, डॉक्टरची गोळी बंद करा, भावजयीशी बोलू नका, तिनंच केलंय. सहाव्या पायरीला घर गहाण पडतं, नाहीतर मुलीला एकटीला आत बोलावतात.

मुलांना विचारा, माणूस तिसऱ्या पायरीवरून परत का फिरत नाही? कुणीतरी बरोबर सांगतं: एवढे पैसे गेले, आता सोडलं तर सगळंच वाया. शिवाय ‘मी फसलो’ हे घरच्यांना सांगावं लागेल. शिकलेली माणसंही इथेच अडकतात, बुद्धी कमी असते म्हणून नव्हे. आजारपण, नोकरी जाणं, मूल न होणं अशा काळात कुणाचाही पाय पहिल्या पायरीवर पडू शकतो.

मग प्रत्येक पायरीवर परत फिरायचं एक वाक्य मुलांकडून म्हणवून घ्या, मोठ्यानं, दोन-दोनदा. ‘घरी विचारून सांगतो.’ ‘किती खर्च येईल ते आधी लिहून द्या.’ ‘किती दिवसांत काय दिसलं नाही तर उपाय चुकला म्हणायचं?’ ‘औषध बंद होणार नाही.’ ‘आई सोबत असेल तरच.’ नुसतं वाचून हे ऐन वेळी आठवत नाही, तोंडात बसावं लागतं. शेवटच्या वाक्याबद्दल स्पष्ट सांगा: कोणत्याही धर्माचा कोणताही विधी लेकराला बंद दाराआड एकटं घेऊन, अंगाला हात लावून किंवा फोटो काढून करायचा नसतो. तसं कुणी म्हणालं की तिथून निघायचं. अपमान झाला तरी चालेल.

पुरोहितांच्या मुलांचं काय, ही तुमची काळजी रास्त आहे. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, त्रिपिंडी करायला दूरदूरची कुटुंबं येतात. ती भोळी आहेत असं सुचवू नका आणि गुरुजींना भोंदूंच्या रांगेत उभं करू नका. फरक मुलांनीच काढावा. दक्षिणा आधी ठरली का? सामान, राहणं, जेवण त्यात धरलंय का? मध्येच ‘दोष मोठा निघाला’ म्हणून रक्कम वाढली का? फळाची हमी दिली का? नाव-पत्ता उघड आहे का? दोष सांगणारा आणि उपाय विकणारा एकच असेल, तर दुसरीकडे विचारून यायची मोकळीक आहे का? हीच फूटपट्टी डॉक्टर, क्लासवाले, पैसे दुप्पट करणारे या सगळ्यांना लावा. एक नियम सर्वांना लागतो हे दिसलं, की गुरुजींचा मुलगाही हिरिरीनं बोलतो, कारण त्याच्या वडिलांचं नाव लावून ऑनलाइन पैसे उकळणारे त्यालाही नको असतात.

उदाहरणं एकाच धर्माची घेऊ नका. ताईत देणारा, प्रार्थनेनं कॅन्सर बरा करणारा, ‘क्वांटम ऊर्जा’ विकणारा आणि अंकशास्त्रावरून मोबाइल नंबर बदलायला लावणारा, सगळे जिन्यावर ठेवून बघा. सिंहस्थाच्या काळात तंबू-बुकिंग, व्हीआयपी दर्शन, ‘घरबसल्या स्नानाचं पुण्य’ असल्या लिंका फिरतील. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, हे पाठ करून घ्या.

सहाव्या तासाला कायदा, थोडक्यात. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं, एखाद्या बाईला चेटकीण ठरवणं, पूर्वजन्मीची पत्नी म्हणून शोषण करणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. पूजा, वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन कायद्यानं स्पष्टपणे बाहेर ठेवलं आहे. पालकसभेत हे वाक्य सगळ्यात आधी वाचा.

पालकसभेपूर्वी मुलांना घरचा अभ्यास द्या: आजीला किंवा आजोबांना विचारा, कोणत्या बुवाचं त्यांना कधीच पटलं नाही आणि का? नाव लिहायचं नाही, कारण लिहायचं. ‘बायकांकडे बघायची नजर बरी नव्हती’, ‘पैसे मोजताना देव विसरायचा’ अशी उत्तरं येतात. घरातली माणसं अडाणी नाहीत हे मुलाला दिसतं आणि ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हणत मूल आजीवर धावून जात नाही. तसं झालं तर तुमचे सहाही तास वाया गेले. गाडगेबाबा कीर्तनात असेच साधे प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्यांकडूनच काढून घेत. त्यांची धर्मशाळा नाशकात आहे, मुलांना एकदा नेऊन आणा.

परीक्षा घ्यायची तर विश्वासावर गुण देऊ नका. तीन महिन्यांनी न पाहिलेली एक जाहिरात द्या, मुद्दाम अध्यात्माबाहेरची, उदाहरणार्थ उंची वाढवणाऱ्या पावडरीची. दावा कोणता, पुरावा कोणता, न चाललेल्यांची मोजणी कुठे, फायदा कुणाचा, हे चार प्रश्न मूल आपणहून विचारतंय का ते बघा.

आणि एका गोष्टीची तयारी पहिल्या तासाआधीच ठेवा. पाचव्या तासानंतर एखादं मूल थांबतं आणि हळूच सांगतं, ‘आमच्या घरी असंच चाललंय.’ त्याला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, गुप्ततेनंच ते तिथे अडकलेलं असतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस, ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन’ असं म्हणा. खोदून प्रश्न विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळ घालून लिहा. लैंगिक त्रासाची शंका असेल, तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगा आणि त्याच दिवशी कळवा, मुलाच्या मदतीसाठी १०९८ आहे. आईच्या अंगात येतं एवढंच असेल, तर तो गुन्हा नाही आणि वर्गात बोलायचा विषयही नाही. आईला एकटीला भेटा, झोप-जेवण कसं आहे ते विचारा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून द्या. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.